‘पैसे’चं ‘पस’: सिमँटिक सर्च उभं करतानाचा माझा अनुभव

व्हेक्टर डेटाबेस (आकड्यांच्या याद्या साठवून त्यांतल्या जवळच्या शोधून देणारा) कोणता घ्यावा यावर जेवढं लिहिलं जातं, त्याचा दहावा हिस्सा जरी टोकनायझरवर, म्हणजे मॉडेलसाठी वाक्याचे तुकडे करणाऱ्या भागावर, कुणी लिहिला असता तर माझं डोकं इतकं फिरलं नसतं. डेटाबेसांच्या तुलनेचे तक्ते ढिगाने मिळतात. आपलं मराठी वाक्य मॉडेलच्या पोटात जाताना त्याचं काय होतं, हे मात्र सुरुवात करणाऱ्याला कुणीच सांगत नाही. म्हणून हे लिहितेय, आणि राग अजून पुरता गेलेला नाही हेही आधीच सांगून ठेवते.

काम साधं होतं. ग्राहकांच्या प्रश्नांना दिलेल्या जुन्या उत्तरांचा साठा होता. काही हजार नोंदी, बहुतेक मराठी, थोड्या इंग्रजी, थोड्या सरमिसळ. नेहमीचा शोध शब्दाला शब्द जुळवतो. माणूस लिहितो, “पैसे कापले गेले, पावती आली नाही” आणि उत्तराचं शीर्षक असतं “व्यवहार अयशस्वी झाल्यास रकमेचा परतावा”. दोन्हींत एकही शब्द सारखा नाही, त्यामुळे उत्तर समोर असून सापडत नाही. सिमँटिक सर्चमध्ये मॉडेल प्रत्येक मजकुराचं आकड्यांच्या एका लांब यादीत रूपांतर करतं. अर्थ जवळचा असेल तर याद्याही जवळ पडतात. प्रश्नाचीही अशीच यादी करायची आणि तिच्या सर्वांत जवळच्या याद्या डेटाबेसकडून मागून घ्यायच्या. एवढंच.

डेटाबेस बसवणं, नोंदी भरणं, पहिला शोध चालवणं, सगळं एका बैठकीत झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सोबत आपोआप येणारं छोटं मॉडेल होतं, प्रत्येक मजकुराचे ३८४ आकडे करणारं. इंग्रजी प्रश्न टाकले तर उत्तरं इतकी नेमकी आली की मी खूश.

मग मराठी प्रश्न टाकला. वर दिलेलाच, पावतीचा. पहिलं उत्तर आलं पत्ता कसा बदलावा याचं. दुसरं सुट्टीच्या दिवशी कामकाज चालू असतं का याचं. परताव्याचं उत्तर पहिल्या दहातही नाही.

या प्रकारच्या शोधाची सगळ्यात चीड आणणारी गोष्ट इथेच कळते: तो कधी “सापडलं नाही” म्हणत नाही. पाच मागितले तर पाच देतो, प्रत्येकाला भारदस्त गुण लावून. कुठे एरर नाही, लॉगमध्ये लाल ओळ नाही, सगळं हिरवंगार. चुकतंय हे फक्त भाषा येणाऱ्या माणसाला दिसतं. शिवाय इंग्रजी नोंदी छान सापडत असल्यामुळे वरवर पाहणाऱ्याला वाटतं, यंत्रणा चालतेय, थोडं इकडेतिकडे फिरवायला हवं.

मग सुरू झालं फिरवणं, कारण जो सल्ला वाचावा तो हाच. अंतर मोजायची पद्धत बदलून बघा: युक्लिडियनऐवजी (सरळ रेषेतलं अंतर) कोसाइन (दोन दिशांमधला कोन). बदलली, उत्तरं जवळपास तीच. मजकुराचे तुकडे लहान करा. केले. चुकीची उत्तरं आता लहान तुकड्यांत येऊ लागली, इतकाच फरक. इंडेक्सच्या सेटिंगमधले आकडे वाढवा. बहुतेक व्हेक्टर डेटाबेस एचएनएसडब्ल्यू नावाचा इंडेक्स वापरतात. तो सगळ्या नोंदी तपासत नाही, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे उड्या मारत जातो, म्हणून वेगवान असतो आणि क्वचित एखादी जवळची नोंद त्याच्या हातून सुटते. तेही आकडे वाढवले. हलेना.

शेवटी इंडेक्स बाजूलाच काढला आणि प्रत्येक नोंदीशी सरळ तुलना करायला लावली. उत्तरं जशीच्या तशी. त्या क्षणी डेटाबेस संशयातून सुटला: तो त्याला दिलेल्या आकड्यांतले खरोखर सर्वांत जवळचे आकडे देत होता. आकडेच निरर्थक होते. ही तपासणी मी तुम्हाला पहिल्याच दिवशी करायला सांगेन. काही हजार नोंदींना इंडेक्स तसाही लागत नाही, सरळ तुलनाही पुरेशी जलद होते.

आता उरलं मॉडेल. मॉडेलला वाक्य मिळण्याआधी टोकनायझर त्याचे तुकडे करतो आणि त्याच्याही आधी नॉर्मलायझर मजकूर “स्वच्छ” करतो. मी त्या नॉर्मलायझरमधून माझं वाक्य काढलं आणि बाहेर काय येतं ते छापलं. आत गेलं:

पैसे कापले गेले, पावती आली नाही

बाहेर आलं:

पस कापल गल, पावती आली नाही

दोनदा वाचलं. मग “सुट्टी” टाकलं, “सटटी” आलं. “बंद” टाकलं, “बद” आलं. “मूल”, “मेल”, “मैल” आणि “मल” हे चारही शब्द टाकले, चारही “मल” होऊन बाहेर पडले.

कारण समजल्यावर हसावं की रडावं कळेना. हे मॉडेल बर्ट या गूगलच्या भाषा-मॉडेलच्या ‘अनकेस्ड’ कुळातलं. त्या कुळात सगळी अक्षरं लहान करतात आणि अक्षरांवरच्या खुणा काढून टाकतात, म्हणजे ‘रेझ्युमे’ हा शब्द रोमन लिपीत खुणांसह लिहिला काय किंवा खुणांविना लिहिला काय, एकच धरला जातो. युरोपीय भाषांतल्या शोधाला ते बऱ्यापैकी चालून जातं. पण खूण कशाला म्हणायचं हे युनिकोडच्या वर्गीकरणावरून ठरतं. आपला उकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार आणि हलन्त चिन्ह हे सगळे युनिकोडमध्ये ‘जागा न घेणारी खूण’ या वर्गात आहेत. काना, दोन्ही वेलांट्या, ‘ओ’ आणि ‘औ’ची चिन्हं ‘जागा घेणारी खूण’ या दुसऱ्या वर्गात. पहिला वर्ग सरसकट झाडून टाकला जातो, दुसरा वाचतो. म्हणून “पावती आली नाही” सहीसलामत आणि “पैसे”चं “पस”. ‘कु’मधला उकार ही वरून लावलेली सजावट नाही, तो स्वर आहे, एवढी साधी गोष्ट त्या नियमात बसत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. या मॉडेलचा शब्दसंग्रह इंग्रजीच्या हिशोबाने बनलेला, त्यामुळे मराठी शब्दाचे तुकडे होतात ते जवळजवळ सुट्या अक्षरांचे. संग्रहात नसलेलं एक जरी अक्षर शब्दात आलं तर अख्ख्या शब्दाच्या जागी ‘अनोळखी’ अशी एकच खूण बसते. आणि मॉडेल एका वेळी २५६ तुकडेच वाचतं. अक्षराला एक तुकडा या दराने मोठा परिच्छेद अर्ध्यातच संपतो आणि उरलेला काहीही न सांगता कापला जातो.

मॉडेल बनवणाऱ्यांना दोष नाही, त्यांनी ते इंग्रजीसाठीच बनवलं आहे आणि तसं लिहिलेलंही असतं. चीड येते ती “कोणताही मजकूर टाका, अर्थावरून शोधा” असं सांगून तेच मॉडेल पुढे करणाऱ्या मार्गदर्शिकांची.

उपाय कंटाळवाणा वाटावा इतका सोपा निघाला: मॉडेल बदला. मी मल्टिलिंग्वल-ई५ या बहुभाषिक मालिकेतलं सर्वांत छोटं घेतलं. त्याचा टोकनायझर मात्रांना हात लावत नाही, मराठी शब्दांचे बरे तुकडे करतो आणि ५१२ तुकड्यांपर्यंत वाचतो. सगळ्या नोंदी पुन्हा भरल्या, पावतीचा प्रश्न टाकला. परताव्याचं उत्तर पहिलं. मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आले.

इथे एक खड्डा आहे. हे छोटं बहुभाषिक मॉडेलही ३८४ आकडेच देतं. जुन्या मॉडेलच्या नोंदी तशाच राहू दिल्या आणि नव्या मॉडेलने प्रश्न विचारला तर डेटाबेस ब्रसुद्धा काढणार नाही, लांबी जुळतेय ना! पण दोन मॉडेलांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. मॉडेल बदललं की जुन्या नोंदी पूर्ण पुसायच्या आणि प्रत्येक नोंदीसोबत मॉडेलचं नाव साठवायचं.

ई५ घेणार असाल तर आणखी एक: प्रश्नाच्या आधी ‘क्वेरी’ आणि साठ्यातल्या मजकुराच्या आधी ‘पॅसेज’ हे शब्द रोमन लिपीत लहान अक्षरांत, पुढे कोलन आणि एक मोकळी जागा, असे जोडायचे असतात. मजकूर मराठी असला तरी. मॉडेल तसंच शिकवलेलं आहे, न जोडल्यास दर्जा घसरतो. आणि त्याचे गुण बघून हुरळू नका, कारण असंबद्ध मजकुरालाही ते ०.७च्या वर गुण देतं. “०.८च्या खालचं टाकून द्या” असला नियम तिथे चालत नाही, फक्त क्रम बघायचा. इतर पर्यायांत लाबसे आहे, १०९ भाषांचं आणि ७६८ आकड्यांचं. मजकूर लांबलचक असेल तर बीजीई-एम३ बघा, ते ८१९२ तुकड्यांपर्यंत वाचतं आणि १०२४ आकडे देतं. मशीनही तशी हवी.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: काहीही बसवण्याआधी वीस-पंचवीस खरे प्रश्न आणि प्रत्येकाचं अपेक्षित उत्तर एका फाइलमध्ये लिहून ठेवा, लोक लिहितात तशाच भाषेत, शुद्धलेखन न सुधारता. प्रत्येक बदलानंतर बरोबर उत्तर पहिल्या पाचांत येतंय का ते मोजा. नाहीतर एकच लाडका प्रश्न पुन्हापुन्हा टाकून आपणच आपली समजूत घालत बसतो.

डेटाबेसाबद्दल माझं मत विचाराल तर आधीच पोस्टग्रेस हा नेहमीचा डेटाबेस वापरत असाल तर त्यातच पीजीव्हेक्टर ही व्हेक्टर शोधाची जोडणी घाला, नवा संसार मांडू नका. त्यात कोसाइन अंतराचं चिन्ह <=> आहे आणि युक्लिडियनचं <->, एवढं लक्षात ठेवा. पुढे नोंदी वाढून एचएनएसडब्ल्यू इंडेक्स घातलात तर गाळणीकडे लक्ष द्या. त्यात शोधाची यादी मुळात ४० नोंदींची असते आणि ‘फक्त या विभागातले’ ही अट त्यानंतर लागते. दहातली एकच नोंद त्या विभागातली असेल तर हाती सरासरी चारच उरतात. पीजीव्हेक्टरच्या ०.८.० आवृत्तीपासून पुरेसे निकाल मिळेपर्यंत पुढे शोधत राहायची सोय आली आहे, ती चालू करावी लागते.

शब्दाला शब्द जुळवणारा जुना शोध मात्र काढून टाकू नका. व्यवहार क्रमांक, उत्पादनाचा कोड, माणसाचं नाव यांना जवळचा ‘अर्थ’ नसतो, तिथे तोच लागतो. मी दोन्ही चालवते आणि दोन्ही याद्यांतल्या क्रमांकांवरून एक यादी करते: प्रत्येक यादीतल्या क्रमांकात ६० मिळवायचे, १ या आकड्याला त्याने भागायचं आणि दोन्ही भागाकारांची बेरीज करायची. दोन ओळींचं काम आहे. जुन्या शोधासाठी मजकूर एकसारखा करून घ्यावा लागतो. ‘ऱ्या’ दोन वेगवेगळ्या प्रकारे टाइप होतो, दिसायला सारखा, संगणकाला वेगळा, आणि आमच्या साठ्यात दोन्ही निघाले.

एक दुखणं अजून आहेच. “पैसे परत मिळाले” आणि “पैसे परत मिळाले नाहीत” ही दोन वाक्यं या मॉडेलला अगदी शेजारशेजारची वाटतात. सध्या वरच्या वीस उत्तरांवर दुसरं, प्रश्न आणि उत्तर एकत्र वाचून गुण देणारं मॉडेल चालवून बघतेय. ते हळू आहे, पण ‘नाहीत’कडे त्याचं थोडं अधिक लक्ष असतं. आणि हो, त्याचाही नॉर्मलायझर आधी तपासला.