कुत्र्याला लाल चेंडू कसा दिसतो?

गोष्टीत माणसं आणि जनावरं एकत्र आणायची, तर आधी एक नियम पक्का करा: प्राण्याचं बोलणं माणसाला कळतं की नाही? पहिल्या दोन पानांतच तो दिसू द्या. मध्येच मोडलात, की वाचक हातचा गेला.

प्रसंग कुत्र्याच्या नजरेतून असेल तर लाल-हिरवा फरक विसरा. त्याला निळा-पिवळा नीट कळतो. हिरवळीवर पडलेला लाल चेंडू तो वासावर शोधेल. ‘मालक रागावला’ असं लिहू नका. घामाचा वास लिहा, आपटलेलं दार लिहा. घोड्याला अगदी नाकासमोरचं दिसत नाही, म्हणून थेट कपाळाकडे नेलेला हात त्याला दचकवतो.

आणि हो, वय! कथा 10 वर्षं चालली तर नायिका मोठी होते, मांजर मात्र म्हातारं. हे हमखास राहून जातं.