शनिवार नसताना वाजलेला भोंगा

ओक्लाहोमा सिटीत शनिवारी दुपारी १२ ला टॉर्नेडोच्या (जमिनीवर उतरणाऱ्या प्रचंड वावटळीच्या) इशाऱ्याच्या भोंग्याची चाचणी असते, त्याची कानांना सवय झालीये. काल मात्र मंगळवार होता. आभाळ हिरवट-काळं. हवामान खात्याचा 'वॉच' म्हणजे टॉर्नेडो होऊ शकतो. 'वॉर्निंग' म्हणजे दिसलाय किंवा रडारवर पकडलाय, लपा! इथल्या बऱ्याच घरांसारखं आमच्याकडेही तळघर नाही. मग खालच्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या क्लॉझेटमध्ये आम्ही चौघं, डोक्याला सायकलची हेल्मेटं, पायात बूट (नंतर काचांवरून चालायची वेळ येते म्हणून). सासूबाईंनी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात घेतलेला. लेक म्हणाली, "आजी, त्याला हेल्मेट?" २०१३ च्या मे महिन्यात टॉर्नेडोने उद्ध्वस्त झालेलं शेजारचं मूर शहर आठवून मला हसूही येईना. टॉर्नेडो उत्तरेला सरकला. गाडीची काच तेवढी लिंबाएवढ्या गारांनी फोडली.