चावीचे दात

जर्मनीतल्या ब्रेमेन शहरातल्या एका छोट्या कारखान्यात मी झेंड्यांची डिझाइनं छपाईसाठी तयार करते. मी मूळची पुण्याची. औंधच्या ब्रेमेन चौकातून इतकी वर्षं ये-जा केली की या शहराचा झेंडा पहिल्यांदा माझ्या हाती आला तेव्हा मला त्याचं कोण अप्रूप!

झेंडा लाल-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा. पट्ट्या निदान आठ, आणि काठीच्या बाजूला त्याच रंगांच्या चौकटींची उभी किनार. डुकराच्या मांसाच्या कापावर असे पट्टे दिसतात, म्हणून इथले लोक त्याला लाडाने ‘बेकनचा झेंडा’ म्हणतात. आमच्या ऑर्डरमध्ये मधोमध शहराचं चिन्हही होतं: लाल ढालीवर तिरपी रुपेरी चावी. ही सेंट पीटरची चावी; इथलं कॅथीड्रल त्याच्याच नावाचं. हॅम्बुर्गच्या चिन्हात वेशीचं दार आहे आणि त्याची चावी आमच्याकडे, असं ब्रेमेनकर अभिमानाने सांगतात.

चावी मी नव्याने रेखली. १८९१ सालच्या अधिकृत वर्णनात लिहिलंय, चावी तिरपी उजवीकडे वर गेलेली, दात डावीकडे वळलेले. तशीच काढली. खात्री करायला इथल्या एका प्रसिद्ध बिअरच्या बाटलीवरची चावी पाहिली. तंतोतंत जुळली.

सहा झेंडे छापून झाले आणि आमच्या वयस्कर मास्टरनी मशीन थांबवलं. “चावी उलटी आहे.”

मला वाटलं, ते कापडाची मागची बाजू बघताहेत. एकेरी कापडावर रंग आरपार उतरतो, मागून सगळं उलटंच दिसतं. पण चौकटींची किनार त्यांच्या डाव्या हाताला होती, म्हणजे समोर दर्शनी बाजूच होती. मी वर्णनाचा कागद पुढे केला. त्यांनी टेबलावरचा ट्रे उचलून ढालीसारखा छातीशी धरला. “ढाल कुणाच्या हातात आहे? उजवं-डावं त्याचं मोजायचं.”

आणि मला एकदम उजव्या सोंडेचा गणपती आठवला! तिथेही उजवी बाजू गणपतीची. समोर हात जोडून उभ्या असलेल्या आपल्याला सोंड डावीकडे वळलेली दिसते. जन्मभर ठाऊक असलेली गोष्ट, पण ढालीपाशी सुचली नाही. बाटलीवरची चावी तर मुळातच शहराच्या चावीची आरशातली प्रतिमा निघाली. चुकीला चुकीचाच साक्षीदार मिळाला होता.

सहाही झेंडे बाद केले. त्या रुपेरी रंगाकडे बघून जीव तुटत होता. मास्टर रागावले नाहीत, पण नवं डिझाइन मशीनवर चढेपर्यंत शेजारून हललेही नाहीत. पहिला झेंडा बाहेर आला. किनार डावीकडे, चावी वर डावीकडे झुकलेली, दात आमच्या उजवीकडे. त्यांनी फक्त मान हलवली आणि पुढचं कापड लावायला घेतलं.