एप्रिलमध्ये बसता येईल अशा चार वर्गखोल्या

चंद्रपूर जिल्ह्यातील आमच्या शाळेला चार नव्या वर्गखोल्या बांधायचे ठरले, तेव्हा मी तेथे मुख्याध्यापिका होते आणि त्याआधी बरीच वर्षे तेथेच भूगोल व विज्ञान शिकवीत होते. एप्रिलमध्ये शाळा सकाळची असली, तरी साडेदहा वाजले की मुले वहीने वारा घेऊ लागतात, घामाने उत्तरपत्रिकेचे कोपरे ओले होतात आणि मागच्या बाकावरचे एखादे मूल डोके टेकवून बसते, हे मी दर वर्षी पाहत आले होते. संस्थेने मागवलेल्या पहिल्या नकाशात चारही खोल्यांची लांब बाजू पश्चिमेला होती, कारण रस्ता पश्चिमेला होता. उकाड्यावरचा उपाय म्हणून प्रत्येक खोलीत चार पंखे आणि एक कुलर धरला होता. कुलरला वीजही लागते आणि पाणीही, आणि उन्हाळ्यात आमच्या गावी नेमकी या दोहोंचीच ओढाताण असते. मी बांधकाम समितीकडे महिनाभराची मुदत मागून घेतली.

प्रयोगशाळेतील दोन तापमापक घेऊन एक मुलांच्या डोक्याच्या उंचीवर आणि दुसरा स्लॅबच्या खाली वीतभर अंतरावर टांगला. नववीची मुले तासातासाला नोंदी करीत. दुपारी चारला बाहेर सावलीत ४३ अंश असताना स्लॅबखालीही तेवढेच तापमान होते. त्याचे मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता. बाहेर २७ अंश होते आणि कुलूप उघडून आत गेलो, तर वर्गात ३४. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खोलीतच उष्णता सोडीत होता, आणि चोरीच्या भीतीने खिडक्या बंद असल्यामुळे ती बाहेर पडायला वाटच नव्हती. सकाळच्या शाळेला आलेली मुले कालच्या उन्हात बसत होती.

हा आकडा समितीपुढे ठेवल्यावर नागपूरच्या एका वास्तुविशारद बाईंना बोलावण्याची परवानगी मिळाली. त्यांनी कागद उघडण्याआधी मैदानात काठी रोवून सावली दाखवली. चंद्रपूर साधारण २० अक्षांशावर असल्यामुळे २० मेच्या सुमारास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा हा दिवस मी वर्षानुवर्षे शिकवला होता, पण त्याचा शाळेच्या छपराशी असलेला संबंध कधी मनात आला नव्हता. त्या वेळी भिंतींवर ऊन जवळजवळ नसते, सारे छपरावर कोसळते. दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा दिला, तर २१ मार्चला भर दुपारी त्याची सावली साडेपाच फूट खाली उतरते, म्हणजे खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरात ती दोन फुटांच्या जरा खालीच थांबते आणि थंडीत हवेसे ऊन आत येते. पूर्व आणि पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे येते, त्यापुढे छज्ज्याचे काही चालत नाही. म्हणून इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम घेऊन खिडक्या फक्त उत्तर आणि दक्षिणेला ठेवायच्या ठरल्या. शाळेचे तोंड रस्त्याकडे नाही, याचे काही सभासदांना वाईट वाटले. दोन बैठका त्यावरच गेल्या.

छपराच्या बाबतीत वास्तुविशारद बाईंनी पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशातल्या गांडो या गावच्या प्राथमिक शाळेचे चित्र दाखवले. वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांनी २००१ मध्ये बांधलेल्या त्या शाळेत विटांच्या छतावर मोकळी जागा सोडून पत्र्याचे दुसरे छप्पर उचलून धरले आहे. ऊन पत्रा झेलतो आणि मधून वाहणारा वारा उष्णता घेऊन जातो. त्याच धर्तीवर आम्ही स्लॅबच्या दोन फूट वर लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर पांढरा पत्रा बसवला. पुढे मजला चढवायचा झाला, तर नटबोल्ट काढून तो उतरवता येईल, या एका गोष्टीमुळे समिती राजी झाली. कुलरची रक्कम तिकडे वळवली.

खांब आणि तुळया आरसीसीच्या होत्या. मधल्या भिंती मात्र राखेच्या विटा कडेवर उभ्या लावून, आत पोकळी सोडून रचायच्या होत्या. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळमध्ये रुळवलेल्या या पद्धतीत विटाही सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात. आमचे मिस्त्री पहिल्या दिवशी थापी खाली ठेवून म्हणाले, "बाई, वीट उभी लावली तर भित पोकळ राहीन, लोकं आमाले नावं ठेवतीन." त्यांच्याकडून चार फुटांची नमुना भिंत बांधून घेतली. पहिल्या तीन थरांत मसाला पोकळीत पडत राहिला. मग त्यांनी स्वतःच पोकळीवर धरायला फळीचा तुकडा तासून घेतला आणि काम सरळ झाले. त्या भिंतींना गिलावा करायचा नाही, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटले नाही.

मंजुरीला सर्वाधिक वेळ लागला. ठराविक नकाशाबाहेरचे काही दिसले की फाइल परत येई. संरचना अभियंत्याचा दाखला जोडल्यावर पाचव्या महिन्यात सही झाली.

छताजवळ समोरासमोरच्या भिंतींत आम्ही रात्रंदिवस उघडे राहणारे लोखंडी जाळीचे झरोके ठेवले होते. पहिल्याच जुलैत दक्षिणेच्या झरोक्यांतून पावसाचे सपकारे आत आले आणि दोन फळे भिजले. तेथे उतरत्या पट्ट्या आधीच सुचायला हव्या होत्या. त्या नंतर बसवल्या.

२०२५ मध्ये वार्षिक परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालल्या. त्या दिवसांत सकाळी सात वाजता नव्या खोलीत २९ अंश असत आणि साडेअकराला पेपर संपताना ३३. जुन्या खोलीत त्याच वेळी ३७ अंश होते. त्यामुळे लहान वर्गांना आम्ही नव्या खोल्यांत बसवले. जुन्या आठ खोल्यांच्या गच्चीवर आता दर वर्षी होळीनंतर चुन्याचे दोन हात देतो. पावसाळ्यात तो धुपून जातो आणि धुळीने काळवंडतो, म्हणून मार्चचा तो आठवडा चुकवून चालत नाही. शिपाई दादा रात्री जुन्या खोल्यांच्या वरच्या झडपा उघड्या ठेवतात आणि सकाळी नऊला, बाहेरची हवा तापू लागण्याआधी, बंद करतात.