डाक आवृत्तीला न मिळालेला निकाल

वृत्तपत्रात सगळ्यात जास्त अन्याय कोणावर होतो, असं मला कोणी विचारलं तर मी डाक आवृत्तीच्या, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाच्या, वाचकाचं नाव घेईन. पुण्यात छापलेला अंक उजाडायच्या आत कोल्हापुरात पोचवायचा तर गाडी वेळेवर निघायला हवी आणि त्याच्या कितीतरी आधी पानं सुटायला, म्हणजे छपाईकडे जायला हवीत. पहिलं पान सगळ्यात शेवटी सोडतात, कारण मंत्रालयातून काय येईल याचा नेम नसतो. सगळ्यात आधी सुटतं ते क्रीडापान. आमच्याकडे त्याची वेळ रात्री नऊची होती. शहर आवृत्तीला मध्यरात्रीपर्यंत मुभा असायची. त्यामुळे संध्याकाळी उशिरा संपणाऱ्या कुठल्याही सामन्याचा निकाल पुण्यातल्या वाचकाला मिळायचा आणि बाहेरगावच्या वाचकाला अर्धवट बातमी.

फुटबॉलच्या बाबतीत हे फार उलटं होतं. पुण्यातला आमचा वाचक क्रिकेटचा. फुटबॉल खऱ्या अर्थाने वाचणारा वाचक कोल्हापूरचा. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ ही नावं घरातल्या माणसांसारखी घेतात. शाहू स्टेडियमवर पेठेची लढत असली की गल्ल्या ओस पडतात. युरोपातल्या निकालांबद्दल माझ्याकडे येणारी जवळजवळ सगळी पत्रं कोल्हापूरची असत. त्यात चुका काढलेल्या असत, आणि त्या चुका खऱ्या असत.

14 मे 2000 चा रविवार आठवतो तो यामुळेच.

त्या उन्हाळ्यात क्रीडापान क्रीडेचं राहिलंच नव्हतं. 7 एप्रिलला दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचं मॅच-फिक्सिंगचं प्रकरण बाहेर काढलं आणि तेव्हापासून रोज टेप, बुकी, आरोप आणि खुलासे. खेळाच्या बातमीला चार ओळी मिळवायच्या तर भांडावं लागायचं. मी सेरी आ या इटलीच्या पहिल्या श्रेणीच्या फुटबॉल साखळीसाठी भांडत होतो, कारण तो मोसम तसाच होता.

18 संघ, 34 फेऱ्या. आठ फेऱ्या उरल्या असताना प्रशिक्षक कार्लो अँचेलोटींचा तुरिनचा युव्हेंटस रोमच्या लाझिओच्या नऊ गुणांनी पुढे होता. झिदान, डेल पिएरो, फिलिपो इन्झागी, डेव्हिड्स असा संघ असल्यावर नऊ गुणांची आघाडी संपत नसते, असं सगळ्यांनी धरलं होतं. मग युव्हेंटस मिलानकडून हरला आणि 1 एप्रिलला लाझिओने तुरिनमध्ये जाऊन युव्हेंटसला 1-0 हरवलं. गोल दिएगो सिमेओनेचा, हेडरने. पुढे युव्हेंटस वेरोनाकडूनही हरला. शेवटच्या फेरीला युव्हेंटसचे 71 गुण आणि लाझिओचे 69.

त्याआधीच्या रविवारी, 7 मे रोजी, पार्माविरुद्ध युव्हेंटस 1-0 ने पुढे असताना शेवटच्या मिनिटांत पार्माच्या फाबिओ कान्नावारोने हेडरने केलेला गोल रेफ्री मास्सिमो दे सांतिस यांनी नाकारला. का, ते टीव्हीवर बघणाऱ्यांना कळलं नाही. रोममध्ये आगडोंब उसळला. लाझिओच्या पाठीराख्यांनी फुटबॉलची अंत्ययात्रा काढली. आमच्याकडे क्रोनिए, तिकडे हे. एका सहकाऱ्याने मला तेव्हाच सांगून टाकलं होतं, ‘‘अरे, तिकडे आधीच ठरलेलं असतं सगळं. कशाला जागा घालवतोस?’’ खेळावर वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या माणसाने इतक्या सहज असं बोलावं याचा मला तेव्हा राग आला होता आणि आजही येतो.

त्या संध्याकाळी दोन्ही सामने भारतीय वेळेनुसार साडेसहाला सुरू झाले. लाझिओ रोममध्ये रेज्जिनाविरुद्ध, युव्हेंटस पेरुजात. शेवटच्या फेरीचे सामने एकाच वेळी खेळवतात, त्यामागे साधं कारण आहे: दुसऱ्याचा निकाल बघून आपला खेळ ठरवता येऊ नये. माझा हिशेब सोपा होता. सव्वाआठपर्यंत दोन्ही निकाल, साडेआठला कॉपी, नऊला पान. कोल्हापूरला पूर्ण बातमी जाणार याचा मला खरोखर आनंद झाला होता.

मध्यंतराला रोममध्ये लाझिओ 2-0 ने पुढे. पेनल्टीवर सिमोने इन्झागी आणि वेरॉन. पेरुजात 0-0. म्हणजे त्या क्षणी दोघांचेही 72 गुण. तसंच राहिलं असतं तर त्यावेळच्या नियमाप्रमाणे विजेता ठरवायला दोघांत आणखी एक सामना झाला असता. सिमोने लाझिओत आणि त्याचा थोरला भाऊ फिलिपो युव्हेंटसमध्ये, याचा एक छोटा चौकट मजकूरही मी लिहून ठेवला होता.

मग पेरुजात पाऊस कोसळला.

आमच्याकडे त्या सामन्याचं चित्र नव्हतं. एजन्सीच्या तीन-तीन ओळींच्या फ्लॅशवर आणि ऑफिसातल्या इंटरनेट असलेल्या एकमेव मशीनवर सगळी मदार. ते मशीन फोनलाइनवर चालायचं, आणि लाइन कोणी उचलली की तुटायचं. त्यावर मी एका इटालियन दैनिकाची साइट उघडून ठेवली होती. भाषा येत नव्हती, आकडे कळत होते. पण आकडे हलायचे थांबले. एजन्सीचा फ्लॅश आला की पावसामुळे खेळ थांबला आहे. थोडा वेळ की आजच्यापुरता, याचा त्यात पत्ता नाही.

रात्रपाळीचे प्रमुख म्हणाले, ‘‘सामना रद्द झाला असं धरून चला. ‘पावसामुळे विजेतेपद लांबणीवर’ द्या आणि पान मोकळं करा.’’ मी म्हटलं, रेफ्री पिएरलुईजी कोलिना आहे. मँचेस्टर युनायटेड आणि बायर्नची 1999 ची चॅम्पियन्स लीगची फायनल त्याने सांभाळली होती. तो घाईने सोडून देणारा माणूस नाही. प्रमुखांना कोलिना कोण ते ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नव्हती.

कोलिनाने काय केलं ते नंतर चित्रात पाहिलं. छत्री घेऊन तो मैदानात यायचा, चेंडू टाकून बघायचा. तो पाण्यात रुतायचा. परत आत. पुन्हा थोड्या वेळाने बाहेर. असं एक तासाहून अधिक.

इकडे मी पान असं लावून घेतलं की इटलीची बातमी खालच्या उजव्या कोपऱ्यात, तीन कॉलमांच्या एका सलग चौकोनात बसावी. वरच्या, डावीकडच्या कुठल्याही बातमीचं शेपूट त्यात येणार नाही. कारण त्या काळी पान संगणकावर, पेजमेकर या सॉफ्टवेअरमध्ये लागायचं, फिल्म निघायची, आणि फिल्मवरून प्लेट. एखादी बातमी बदलायची तर लाइट टेबलावर फिल्म ठेवून ब्लेडने तेवढा चौकोन कापायचा आणि नव्या फिल्मचा तेवढाच तुकडा पारदर्शक टेपने जोडायचा. रेघ जराशी हलली तरी छापल्यावर काळी कड उमटते. आमचे फिल्म जोडणारे काका हे काम इतकं साफ करायचे की जोड कुठे आहे ते मलाही सापडत नसे. मथळा एका ओळीचा, मजकूर ठरावीक ओळींचा, म्हणजे निकाल काहीही लागो, तुकडा तंतोतंत बसेल. पान असं लावता येणं हे आमच्या धंद्यातलं कसब आहे. वाचकाला ते कधी दिसत नाही, दिसूही नये.

साडेआठच्या सुमारास रोमचा निकाल आला: लाझिओ 3, रेज्जिना 0. तिसरा गोल सिमेओनेचा. रोमच्या ओलिंपिको स्टेडियममधला सामना संपला होता, माणसं मैदानात उतरली होती आणि कानाला रेडिओ लावून उभी होती. पेरुजात दुसरा हाफ अजून सुरूच व्हायचा होता.

पावणेनऊच्या आसपास तो सुरू झाला आणि चार मिनिटांत पेरुजाच्या अलेस्सांद्रो कालोरीने गोल केला. 33 वर्षांचा बचावपटू. पेरुजाचे प्रशिक्षक कार्लो मात्सोने, जन्माने रोमचे आणि रोमा या संघाचे कट्टर. म्हणजे लाझिओचे सात जन्मांचे वैरी. लाझिओला विजेतेपद मिळावं असं ज्याला स्वप्नातही वाटणार नाही, त्याच्या संघाने ते मिळवून दिलं. पेरुजाला गुणतक्त्यात फारसं काही साधायचं नव्हतं. तरी ते चिखलात प्रत्येक चेंडूसाठी लढले. ‘‘सगळं आधीच ठरलेलं असतं’’ म्हणणाऱ्या सहकाऱ्याला मी हे त्या रात्री सांगितलं. त्याने खांदे उडवले.

नऊला पान मागितलं. मी दहा मिनिटं मागून घेतली, ती मिळाली. खेळ चालूच होता. प्रमुखांचा ‘लांबणीवर’ हा मथळा मी लावू दिला नाही, कारण ते खरं नव्हतं. ‘लाझिओ जिंकले, आता नजर पेरुजाकडे’ असा मथळा आणि शेवटी ‘हे वृत्त हाती आले तेव्हा पेरुजा 1-0 ने आघाडीवर होता’ अशी ओळ देऊन डाक आवृत्तीचं पान गेलं.

साडेनऊनंतर निकाल आला. इटलीतल्या घड्याळात सहा वाजून चार मिनिटं झाली होती. युव्हेंटसचा झांब्रोत्ता लाल कार्ड घेऊन बाहेर गेला होता, आणि उरलेल्या दहा जणांना बरोबरी साधता आली नव्हती. लाझिओ 72, युव्हेंटस 71. लाझिओचं 1974 नंतरचं पहिलं आणि एकूण दुसरं विजेतेपद, तेही क्लबच्या शंभराव्या वर्षी.

मी फिल्मचा तुकडा पाच मिनिटांत तयार करून घेतला. डाक आवृत्तीचं पहिलं पान अजून सुटलं नव्हतं. मशीन सुरू व्हायला तासभर तरी होता. क्रीडापानाची प्लेट बनली होती, पण मशीनवर चढली नव्हती. एक प्लेट नव्याने बनवली असती की झालं. प्रमुखांनी नाही म्हटलं. छपाई विभागानेही नाही म्हटलं. ‘‘परदेशी फुटबॉलसाठी प्लेट बदलत नसतात.’’ याच लोकांनी क्रिकेटच्या एका बळीसाठी प्लेट बदललेली मी पाहिली होती, आणि तेव्हा खर्चाचा विषय कोणी काढला नव्हता. काका तुकडा हातात धरून उभे होते. ‘‘लावू का?’’ त्यांनी दोनदा विचारलं.

शहर आवृत्तीत पूर्ण बातमी गेली, पण मॅच-फिक्सिंगची काहीतरी कॉपी उशिरा आली म्हणून तीन कॉलमांची एक कॉलम झाली. इन्झागी भावांची चौकट गेली, कोलिनाची छत्री गेली. ज्यांना हवं होतं त्यांना शेवट नाही, आणि ज्यांना शेवट मिळाला त्यांना तो नको होता. एका प्लेटचा प्रश्न होता, आणि वाचक कोण आहे हे ठाऊक असणारं त्या खोलीत कोणी निर्णयाच्या जागी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूरच्या आमच्या वार्ताहराचा फोन आला. ‘‘सायेब, शेवट काय झाला त्यो सांगा की. तालमीतली पोरं सकाळपासनं डोकं खायाला लागल्यात.’’ मी सगळं सांगितलं, पावसापासून लाल कार्डापर्यंत. तिकडे फोनभोवती माणसं गोळा झालेली कळत होती. तो माझं वाक्य ऐकायचा आणि मोठ्याने पुढे सांगायचा. मग मागून कोणीतरी प्रश्न विचारला, तो त्याने माझ्यापर्यंत पोचवला. ‘‘म्हंजे दुसऱ्या हाफला युव्हेंटसला ठावं होतं, लाझिओ जिंकलंय म्हणून?’’

हो, ठाऊक होतं. पेरुजालाही ठाऊक होतं. सामने एकाच वेळी खेळवण्याचा सगळा हेतूच त्या पावसाने उधळला होता. युव्हेंटसच्या गोटाची तक्रार होती की इतका वेळ थांबायचंच नव्हतं, सामना दुसऱ्या दिवशी घ्यायचा होता. पण दुसऱ्या दिवशीही त्यांना रोमचा निकाल ठाऊक असताच, शिवाय एक रात्र हाताशी मिळाली असती. रात्रीत कोण कोणाला फोन करतं, हे 2006 मध्ये इटलीने पाहिलं. रेफ्रींच्या नेमणुकांवरून झालेल्या त्या घोटाळ्यात युव्हेंटसची दोन विजेतेपदं गेली आणि संघ खालच्या श्रेणीत गेला. ती चौकशी नंतरच्या मोसमांची होती, 2000 शी तिचा संबंध नाही, हेही सांगायला हवं.

फोनवर मी म्हणालो की कोलिनाचं बरोबर होतं. त्याने त्याच दिवशी, त्याच मैदानात, त्याच प्रेक्षकांसमोर निकाल लावला. तालमीतला तो माणूस ऐकेना. त्याचं म्हणणं असं की मैदान एका संघाला खेळण्याजोगं आणि दुसऱ्याला न खेळण्याजोगं झालं की रेफ्रीने थांबवायलाच हवं. झिदानचा पास पाण्यात अडकला तर तो झिदान उरत नाही, आणि कालोरीला चिखलाने काही फरक पडत नाही. त्याने शाहू स्टेडियमवरचे दोन सामने पुराव्यादाखल सांगितले. मला त्याला उत्तर देता आलं नाही, आणि मी त्या सामन्याचं चित्रण जितक्या वेळा पाहतो तितक्या वेळा दुसऱ्या हाफमधला चेंडूचा प्रत्येक टप्पा त्याच्या नजरेने बघतो. कालोरीच्या गोलच्या वेळी चेंडू नीट उसळला होता, एवढं मी त्याला सांगू शकलो असतो. पण तेव्हा ते चित्र माझ्याकडे नव्हतं.