सारसाचा गुडघा

पहिल्या दिवशी मला साधा वारकरी काढता आला नाही. पंढरीचा नव्हे, पाण्यावरचा. अंगाने काळा, कपाळावर पांढरा टिळा, हिवाळ्यात आपल्याकडच्या तलावांवर थव्याने दिसणारा. मी वर्ध्याला शाळेत चित्रकला शिकवतो. "आधी बघा, मग काढा" हे पोरांना इतक्यांदा ऐकवलंय की ती माझी नक्कल करतात. आणि नवेगावबांधच्या तलावाच्या पाळीवर दीड तास बसून मी अकरा वारकरी काढले, अकराही कोंबड्या झाल्या.

प्रजासत्ताक दिनाला जोडून दोन रजा टाकल्या होत्या. नागपूर ते साकोली एसटी, साकोलीला तर्रीपोहे, पुढे कोहमाऱ्याला उतरून दक्षिणेकडे जाणारी गाडी. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि मधूनमधून तलाव. भंडारा-गोंदियाला तलावांचे जिल्हे म्हणतात ते उगाच नाही. नवेगावचा तलाव त्यातला थोरला. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं इथे सांगतात. भोवतालच्या टेकड्या म्हणजे सात बहिणी, आणि खुद्द कोलू पाटलांचा कोलासुर देव झालाय. इंजिनिअरला देवपण मिळायचं तर ते असं.

सकाळी धुकं इतकं होतं की कागदावर दिलेला पहिला हात वीस मिनिटं वाळेना. ओल्यावर दुसरा रंग टाकला की तो पसरून पक्ष्याचा डाग व्हायचा. पण दोष धुक्याचा नव्हता. बाराव्या चित्राच्या वेळी मी ब्रश खाली ठेवला आणि एकाच वारकऱ्यावर नजर लावून बसलो. तेव्हा लक्षात आलं, मी दर वेळी शेपूट वर उचलत होतो. शेपूट वर करून, झटके देत पोहते ती पाणकोंबडी. वारकऱ्याची पाठ घुमटासारखी गोल आणि शेपूट पाण्याला टेकलेलं. म्हणजे माझ्या कोंबड्या खरोखरच कोंबड्या होत्या, फक्त पाण्यातल्या! दुसरी चूक रंगाची. हा पक्षी काळा आहे हे आपल्याला माहीत असतं, म्हणून आपण काळी ट्यूब उघडतो. तिरप्या उन्हात त्याची पाठ पाटीच्या रंगाची दिसते, मानेशी किंचित जांभळी. निळ्यात तपकिरी कालवली, काळ्याला हात लावला नाही, आणि बारावा वारकरी पाण्यावर बसला.

तेवढ्यात दोन गाड्या आल्या. मोठमोठ्या लेन्सा बाहेर निघाल्या, कटकटकट आवाज झाला, "कमळपक्ष्याला शेपटी कुठाय?" असं कोणीतरी विचारलं. जानेवारीत ती नसतेच. ती लांब काळी शेपटी विणीच्या हंगामातली, पावसाळ्यातली. आत्ता तो पक्षी तपकिरी, पोट पांढरं, गळ्याशी काळा पट्टा, कमळाच्या पानांवरून लांब बोटं टाकत चाललेला. "आज काही खास नाही," म्हणत मंडळी निघून गेली. फोटोग्राफरांवर माझा राग नाही, पंखांतली पिसं मोजायला मी स्वतः फोटोच उघडतो. पण तो बिनशेपटीचा पक्षी नंतर पाऊण तास माझ्यासमोर होता, आणि त्याला बघायला मी एकटा.

संध्याकाळी मुक्कामाच्या गावाकडे चालत येताना जिल्हा परिषदेच्या शाळेची भिंत दिसली. शिडीवर एक माणूस इनॅमलचे डबे टांगून रंगवत होता. आठेक फूट उंच भिंत, तीवर सारसांची जोडी, जवळजवळ खऱ्या मापाची. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या या पट्ट्यात उरलेत, तेही मोजके. धानावरची फवारणी आणि उच्चदाबाच्या तारा, दोन्ही त्यांच्या मुळावर उठलेल्या. म्हणून शाळेच्या भिंतीवर सारस बघून बरं वाटलं. मग मास्तर जागा झाला.

"भाऊ, गुडघा उलटा झालाय," मी खालून म्हटलं.

पेंटरभाऊ खाली उतरले. पन्नाशीचे, कानाला पेन्सिल, बोटांना लाल रंग. हिवाळाभर झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे आणि बोर्ड, उन्हाळ्यात लग्नाच्या घरांच्या भिंती, मध्ये अशी शाळांची कामं. त्यांनी सारसाचे पाय माणसासारखे, पुढच्या बाजूला वाकवले होते. मी तिथंच फुशारकीने व्याख्यान दिलं. पक्ष्याच्या पायात मधोमध जो सांधा दिसतो तो गुडघा नव्हेच, तो घोटा. खरा गुडघा वर पोटाजवळ पिसांत दडलेला असतो. सारस चालतो तो बोटांवर, टाच कायम उचललेली. म्हणून सांधा मागे वाकतो.

ते क्षणभर भिंतीकडे बघत राहिले. "म्हन्जे बैलाचा मागचा पाय," ते म्हणाले. "तसं सांगा ना जी. बैल त मी झोपेत काढतो."

मी गप्प. बैलाच्या मागच्या पायातला तो मागे वाकणारा सांधा म्हणजेही घोटा. बावीस वर्षं मी पोरांना बैल शिकवतोय, पोळ्याला तर दर वर्षी, आणि ही जोडणी मला कधी सुचली नव्हती.

चहा त्यांनीच पाजला. माझी पिशवी उघडून ब्रश एकेक करून बघितले. एका जुन्या ब्रशपाशी थांबले, "मुंगुस?" मी मान हलवली. शिकत असताना घेतलेला तो ब्रश मी वर्षानुवर्षं कौतुकाने वापरला. मुंगसाच्या केसांसाठी मुंगसं मारली जातात आणि असे ब्रश विकायला कायद्याने बंदी आहे हे फार उशिरा कळलं. आता वापरत नाही, टाकवतही नाही. प्राण्यांची चित्रं प्राणी मारूनच काढायची, ही खोड आमच्या धंद्यात जुनीच आहे म्हणा. अमेरिकेतला जॉन जेम्स ऑडुबॉन बंदुकीने पक्षी मारायचा, ताजा असतानाच तारांनी फळीवर जिवंत भासेल असा उभा करायचा आणि मग खऱ्या मापात काढायचा. 1827 ते 1838 या काळात त्याची 435 छापील चित्रं निघाली. कागद सुमारे 39 इंच उंच, तेवढ्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, मावेना, म्हणून त्याने रोहिताची मान खाली वाकवली. हे ऐकून पेंटरभाऊंनी आपल्या भिंतीकडे अभिमानाने पाहिलं. सहा फुटी सारस त्यांच्या भिंतीवर ताठ उभा होता.

"खरा सारस जवळून कधी पाहिला?" मी विचारलं.

"रोजच दिसते. पाहिला मात्र नाही." मोबाइलवरचा फोटो बघून काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या मोटरसायकलवरून निघालो. कुठे ते लिहीत नाही. जागा छापून आली की पुढच्या रविवारी तिथे गाड्या लागतात, आणि सारस धानाच्या बांधीतच घरटं करतो, शेतकऱ्याच्या मर्जीवर. तास-दीड तासाची वाट, कालव्याचा रस्ता, एका बाजूला कापलेल्या बांध्यांत लाखोळीच्या डाळीचा हिरवा, दुसरीकडे उन्हाळी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं. एका धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पळसाच्या आडोशाने बसलो. शंभर-दीडशे पावलांवर, चिखलात जोडी.

पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्का बसतो तो उंचीचा. मागे रोवणीच्या बाया वाकलेल्या होत्या, त्यांच्याहून हे पक्षी उंच. अंग राखाडी, डोकं आणि मानेचा वरचा भाग लाल. तो लाल पिसांचा नाही, उघड्या खरखरीत कातडीचा, फक्त टाळू राखी-हिरवट. मी राखाडी कालवण्यात गुंतलो. हा राखाडी धड थंड नाही, धड गरम नाही. पाठीवर आकाशाचा निळा उतरतो, पोटाखाली चिखलाचा पिवळा चढतो. तीन वेळा कालवला, तीनही वेळा सिमेंट झालं.

पेंटरभाऊ काहीच काढत नव्हते. अर्ध्या तासाने त्यांनी पिशवीतून नाटकाचं जुनं पोस्टर काढलं, उलट बाजू वर केली आणि कोळशाच्या कांडीने एक रेघ मारली. मस्तकापासून मानेवरून, पाठीवरून, थेट मागे झुकलेल्या पिसांपर्यंत. खांद्यातून आलेली एकच रेघ. त्या रेघेत सारस होता. माझ्या वहीत मनगटाने काढलेले सात सारस होते आणि सातही अवघडलेले.

"साहेब, तुमी लय लहान काढता," ते हळूच म्हणाले.

मग ती जोडी ओरडली. दोघांनी चोची आभाळाकडे केल्या, नराने एक लांब हाक दिली आणि मादीने तीत दोन आखूड हाका गुंफल्या. ऐकणाऱ्याला वाटतं एकच पक्षी ओरडतोय. बाया रोवता रोवता थांबल्या नाहीत, त्यांना हे नवं नव्हतं. मला आठवला जहांगीर बादशहा. त्याने सारसांची एक जोडी पाळली होती, लैला-मजनू नावाची. ती अंडी कशी घालते, आळीपाळीने कशी उबवते, हे त्याने आपल्या आठवणींत बारकाईने लिहून ठेवलंय. त्याच्याच पदरी चित्रकार उस्ताद मन्सूर. मन्सूरने सायबेरियन क्रौंच काढला तो त्या पक्ष्याला शास्त्रीय नाव मिळण्याच्या दीडशे वर्षं आधी, पायांवरच्या सुरकुत्यांसकट. हे मी पेंटरभाऊंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याले पगार भेटे का महिन्याच्या महिन्याले?"

नादिर-उल-असर, म्हणजे 'युगातलं नवल', हा किताब मिळाला होता, एवढं मी सांगू शकलो.

तिसऱ्या दिवशी माझी गाडी दुपारची होती. सकाळी शाळेकडे गेलो तर पाय दुरुस्त झाले होते. सांधा मागे, घट्ट, बैलाच्या पायासारखा ताकदीचा. मानेची रेघही बदलली होती, पोस्टरवरची ती एक रेघ भिंतीवर आली होती. खाली कोपऱ्यात त्यांचं नाव आणि मोबाइल नंबर, सारसाच्या डोक्याएवढ्या अक्षरांत. अडीचशे वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या इंग्रज न्यायाधीशाच्या बायको इम्पे बाईंसाठी पक्षी काढणारे पाटण्याचे शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास आपली नावं चित्राच्या कडेला बारीक लिहायचे. पेंटरभाऊंचा नंबर रस्त्यापलीकडून वाचता येतो, आणि त्यात काहीही गैर नाही. काम त्यातूनच येतं.

आम्ही दोघं कौतुकाने बघत उभे असताना रोवणीला निघालेल्या बायांचा घोळका आला. त्यातली एक वयस्क मावशी थांबली. डोक्यावर शिदोरीचं गाठोडं, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं.

"हे कोनतं पाखरू हाय?"

"सारस हाय ना, मावशी."

"मंग झाडावर कायले बसवला? सारस कदी झाडावर बसते का जी?"

मी भिंतीकडे बघितलं आणि मला घाम फुटला. सारस झाडाच्या जाड फांदीवर उभे होते. पहिल्या संध्याकाळपासून तिथेच उभे होते. सारसाचं मागचं बोट आखूड आणि वर चढलेलं, फांदी पकडायला ते कामाचं नाही, तो जन्मभर जमिनीवर आणि पाण्यात. हे मला पाठ होतं. तरी मी गुडघा बघितला, रंग बघितला, फांदी मात्र दिसलीच नाही.

"ते मोराच्या चित्राची फांदी होती जी," पेंटरभाऊ ओशाळून म्हणाले. "कॅलेंडरवरची. तेच मांडणं इथं घेतलं."

पांढरा डबा उघडला, फांदी पुसायला घेतली. दहा मिनिटांत फांदीचा धुरा झाला, पानांच्या जागी पऱ्ह्याचे हिरवे फटके आले. माझ्या ब्रशनी मी एका कोपऱ्यात गवत केलं, तेवढीच माझी त्या भिंतीवरची कामगिरी. पायांची बोटं पेंटरभाऊंनी रात्री जागून काढली होती, एकेक खवला दिसेल अशी. ती मात्र त्यांनी राखली, धुऱ्याच्या कडेला नीट उघडी ठेवली.

मावशी गेली नव्हती. बाकीच्या पुढे निघाल्या होत्या, तिला हाका मारत होत्या. तिने चित्राकडे एकदा बारीक डोळे करून पाहिलं.

"बोटं कोठी दिसतेत? आमच्या बांधीत त पाय चिखलात राह्यतेत. इथवरी." तिने हात पोटरीपाशी धरून दाखवला आणि चालू लागली.

पेंटरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग त्यांनी डब्यात गढूळ तपकिरी कालवला, त्यात चिमूटभर नीळ टाकली आणि रुंद ब्रशच्या दोन फटक्यांत ती सगळी बोटं पाण्याखाली घातली.