नकळत दिलेली परीक्षा

'द रिक्रूट' हा २००३ सालचा चित्रपट काल रात्री पुन्हा पाहिला आणि त्यातला कोठडीचा प्रसंग आज दिवसभर डोक्यातून जात नाही. सीआयएमध्ये भरती झालेल्या जेम्स क्लेटनला पकडून त्याचे हाल केले जातात. छळणारे शत्रूच आहेत अशी त्याची खात्री असते आणि ज्या सहप्रशिक्षणार्थी मुलीवर त्याचा जीव जडला आहे ती लेलाही त्यांच्या तावडीत सापडली आहे असे त्याला भासवले जाते. तो पुष्कळ सोसतो आणि अखेर आपल्या प्रशिक्षकाचे, वॉल्टर बर्कचे, नाव ओरडून सांगतो. मग समोरचा आडोसा दूर होतो, तर पलीकडे खुद्द बर्क आणि बरोबरचे प्रशिक्षणार्थी बसलेले असतात. सगळा प्रशिक्षणाचाच भाग होता.

पूर्वी हा चित्रपट पाहिला तेव्हा या प्रसंगातली चलाखी मला आवडली होती. काल मात्र जेम्स झालेल्या कॉलिन फॅरेलच्या चेहऱ्यावर मला नापास झाल्याची लाज दिसलीच नाही. लेलासाठी त्याचा जीव खरोखर कासावीस झाला होता आणि ती कासाविशी लोक समोर बसून तपासत होते, याचा धक्का मला तिथे दिसला.

ताईने मागे मला जे सांगितले ते खरे नव्हते, हे मला परवा कळले. "तू काय म्हणतोस ते पाहायचे होते," एवढेच ती म्हणाली. मी जे म्हणालो ते चांगलेच होते, ती खूशही झाली. तरीही त्या रात्रीची माझी झोपमोड, माझी काळजी, मी शोधून काढलेले शब्द हे सारे कुणीतरी गुण देण्यासाठी वाचले, असे वाटून मला फार एकटे वाटले. आईच्या आजारपणात ती जे विचारत असे, तेही असेच होते का? त्यात आज शिरायला नको.

व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गजवळचा कॅम्प पिअरी हा तळ 'द फार्म' या नावाने ओळखला जातो आणि चित्रपटातले प्रशिक्षण तिथेच घडते. तिथे जाणाऱ्याला आपल्याला फसवले जाणार हे ठाऊक असते. राजनैतिक संरक्षणाविना परदेशात वावरणारा हेर पकडला गेला, तर त्याला सोडवायला दूतावास पुढे येईलच असे नाही, म्हणून त्याचा कस आधी पाहावा लागतो. ते मी समजू शकतो, कारण जेम्सने आत पाऊल टाकतानाच त्याला होकार दिलेला होता. माझा होकार कुणी घेतला होता?

शिवाय इतके पारखूनही माणूस कळतोच असे नाही. पॉलिग्राफ, म्हणजे खोटे पकडण्यासाठी वापरले जाणारे यंत्र, श्वास, रक्तदाब आणि तळहाताचा घाम मोजतो, खोटेपणा मोजत नाही. सीआयएचाच ऑल्ड्रिच एम्स सोव्हिएत संघासाठी हेरगिरी करत असताना १९८६ आणि १९९१ या दोन्ही वर्षी त्या चाचणीतून पार पडला आणि पकडला गेला तो थेट १९९४ मध्ये. खुद्द बर्कही, ज्याला अल पचिनोने इतका रुबाब दिला आहे, जेम्सला त्याच्या वडिलांच्या नावाचे आमिष दाखवून ओढून आणतो, कुणावर विश्वास ठेवू नका असे मुलांना शिकवतो आणि शेवटी त्याच मुलाच्या एका बतावणीवर विश्वास ठेवून आपला गुन्हा आपल्याच तोंडाने बोलून बसतो.

बर्कचा तो शेवट पाहताना माझा राग हळूहळू उतरला. अशी परीक्षा घेणारा माणूस बलवान असतो असे मी धरून चाललो होतो, पण सरळ विचारण्याचे बळ नसले की माणूस आडवळणाने विचारतो. ताई तशी आहे, पहिल्यापासून आहे, आणि या वयात ती बदलेल असे मला वाटत नाही. तिला माझा भरवसा वाटावा म्हणून मी आणखी काय करायला हवे होते, हा प्रश्न मात्र सुटत नाही. कदाचित त्याचे उत्तर माझ्याजवळ नसेलच, आणि तसे असेल तर ते शोधत स्वतःला कोंडून घेण्यातही अर्थ नाही.

रविवारी तिचा फोन येईल. त्या गोष्टीचा जाब मी विचारणार नाही, पण तिला नेमकी कशाची धास्ती वाटली होती, एवढे मात्र नक्की विचारणार आहे.